पोळी गेली, पोट राहिलं

नरखेड तालुक्यात सध्या दोन गोष्टींचा भाव पडला आहे. एक संत्रा, दुसरी पोळी. संत्र्याचा भाव कोणी पाडला यावर पारावर तासभर चर्चा होते. बांगलादेशानं वाढवलेल्या आयात शुल्कापासून फळगळीपर्यंत सगळे आरोपी एकेक करून उभे केले जातात. पोळीच्या बाबतीत चौकशीची गरजच पडली नाही. मोबाइलवर एका पिळदार दंडाच्या माणसानं सांगितलं की पोळीनं वजन वाढतं. झालं. कचेरीपासून झेडपीच्या शाळेपर्यंत आणि पतसंस्थेपासून कृषी केंद्राच्या गल्ल्यापर्यंत पोळी डब्यातून बडतर्फ.

बडतर्फीचा आदेश रोज दुपारी नव्यानं वाचून दाखवला जातो.

"मी पोळी सोडली ना भाऊ."

"काहून?"

"वजन वाढून राहिलं होतं."

"मंग, झालं का कमी?"

"नाही गा. पण वाढलंबी नाही. आहे तिथंच आहे."

म्हणजे साहेबांनी वजन टिकवलं. आता ते कशानं टिकलं, हे पाहायला डब्यातच डोकवायला हवं. असा एक त्यागी डबा मी अगदी जवळून पाहिला आहे. तीन डब्यांचा स्टीलचा टिफिन. वरच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, मधल्यात बटाट्याच्या काचऱ्या, खालच्यात चिवडा. हे कमी पडलं तर असू द्यावी म्हणून शर्टाच्या खिशात स्टँडवरून घेतलेली तिखट शेवेची पुडी. काचऱ्यांचं तेल वरच्या डब्याच्या बुडाला लागून तिथं एक नारिंगी गोल उमटला होता. पोळी मात्र कुठंही नव्हती. माणूस शब्दाचा पक्का.

हिशेब करू. ३० ग्रॅम पिठाची, अर्धा चमचा तेल लावलेली पोळी सव्वाशे किलोकॅलरीच्या आत बसते. अशा चार पोळ्या म्हणजे पाचशेच्या आत. उलट ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट आणि तीन लहान चमचे तेल, एवढ्याच खिचडीत साडेपाचशे ओलांडतात. काचऱ्या, चिवडा आणि खिशातली पुडी अजून मोजणीत घेतलीच नाही. शेव-चिवड्याचा भाव शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर. पोळी परवडली असती. साहेबांचं वजन आहे तिथंच राहिलं हे खरं असेल, तर एकदा वजनकाट्याचे सेल बदलून बघा.

दुसरा पंथ ब्राउन ब्रेडवाल्यांचा. हे बहुधा नागपूरहून अप-डाऊन करणारे. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर, माणूस गाडीत आणि ब्रेड पिशवीत. हा ब्रेड रंगानं गव्हाळ असतो म्हणून तो गव्हाचाच, असा त्यांचा समज आहे. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचण्याएवढा वेळ काटोल ते नरखेड प्रवासात नक्की मिळतो. मैदा आधी लिहिलाय की गव्हाचं पीठ, एवढं पाहिलं तरी पुरे. त्यावर लोणी, चीजची चकती आणि बटाट्याचं सारण घालून जे तयार होतं, त्याला डाएट म्हणायला हिंमत लागते. ओट्सवाल्यांना तर सांगायचीही चोरी, की शंभर ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये शंभर ग्रॅम कणकेपेक्षा जास्त कॅलरी असतात.

तिसरा पंथ भाकरवाल्यांचा. यांच्याशी माझं भांडण नाही, कारण भाकर मलाही आवडते. पण ज्वारी खाल्ली की वजन आपोआप उतरतं हे खरं नाही. गहू घ्या, ज्वारी घ्या, नाचणी घ्या. शंभर ग्रॅम पिठामागे तिन्ही सव्वातीनशेच्या आगेमागे आहेत. निसर्गानं या धान्यांत फार पंक्तिप्रपंच केलेला नाही. घरची भाकर पोळीपेक्षा जाड आणि मोठी असते. एका भाकरीत दोन पोळ्यांचं पीठ सहज जातं. "आता फक्त दोनच भाकरी खातो" असं सांगणारा माणूस चार पोळ्यांवरच उभा असतो. भाकरीचा खरा फायदा एवढाच की तिला तेल लागत नाही आणि ती चावायला वेळ लागतो. तेवढा फायदाही पुष्कळ आहे, पण त्यावर तुपाचा गोळा ठेवला की तोही गेला.

गंमत म्हणजे सगळ्या महाराष्ट्राला दोन वेळच्या जेवणाचा नाद ज्या आहारानं लावला, त्याचं मूळ याच भागातलं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा आहार घरोघरी पोहोचला. पण ही कल्पना आपल्याला डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून मिळाली, हे दीक्षित स्वतः सांगतात. जिचकार काटोलकडचे. नरखेड तालुका ज्या काटोल विधानसभा मतदारसंघात येतो, तिथून ते १९८० साली आमदार झाले. २००४ साली कोंढाळीजवळच्या अपघातात ते गेले. त्यांच्या पदव्यांची संख्या इथल्या प्रत्येक मास्तरला पाठ आहे, त्यांच्या जेवणाला मात्र दीक्षितांच्या लातूरमार्गे परत यावं लागलं.

दीक्षितांचा नियम साधा. खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा सोडून काही नको, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. आमच्या कचेऱ्यांनी यातला एक भाग मनापासून स्वीकारला. जेवणाची सुट्टी नियमानं अर्ध्या तासाची, ती ५५ मिनिटांची झाली. बाकीचे भाग विचाराधीन आहेत. सकाळी साडेदहाचे तर्री पोहे, चारचा साखरेचा चहा आणि सहाचा समोसा यांना जेवण म्हणत नाहीत, म्हणून ते मोजतही नाहीत.

तर मग डब्यात पोळीच्या जागी ठेवायचं काय? या प्रश्नाचं उत्तर याच तालुक्याच्या स्वयंपाकघरात पडून आहे, फक्त त्याचा व्हिडिओ निघालेला नाही.

भाकर डब्यात नेत नाहीत कारण दुपारपर्यंत ती ताठ होते. गव्हात ग्लुटेन असतं म्हणून गार पोळीही लवते; ज्वारीत ते नसतं म्हणून भाकर मोडते. यावर आज्यांनी उपाय केव्हाच काढला होता. पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं, भाकर पातळ थापायची, वाफ गेल्यावर फडक्यात गुंडाळायची. गरम भाकर तशीच स्टीलच्या डब्यात कोंबली की खालची बाजू ओली आणि वरची कडक होते, आणि दोष ज्वारीला मिळतो. एवढा खटाटोप नको असेल तर भाकर कुस्करून न्या आणि बाटलीतलं ताक तिथंच ओता. कचेरीत काला खायची लाज वाटत असेल तर दार लावून घ्या; तसंही एक ते दोनच्या दरम्यान कोणी अर्जदाराला आत घेत नाही.

कण्या अजून बऱ्या. ज्वारीचा भरडा ताकात किंवा पाण्यात शिजवला की दुपटी-तिपटीनं फुगतो. डबा भरलेला दिसतो, पोट भरतं आणि आत धान्य मात्र मूठ-दीड मूठ. डोळ्यांना आणि पोटाला एकदम फसवणारा एवढा प्रामाणिक पदार्थ दुसरा नाही. उकडपेंडी मात्र जपून. ज्वारीचं किंवा कणकेचं पीठ खमंग भाजायचं, फोडणीत कांदा, मिरची, कढीपत्ता, मग आंबट ताकाचा हबका आणि झाकण ठेवून वाफ. चव अशी की शेजारच्या टेबलावरचा चमचा न विचारता येतो. पण उकडपेंडी तेल पिते. सैल हातानं तेल सोडणाऱ्या घरात ती पोळीच्या दुप्पट महाग पडते. तेलाच्या एका लहान चमच्यात ४५ किलोकॅलरी असतात. डब्यातला खरा गुन्हेगार तो आहे, आणि त्याच्यावर कोणी व्हिडिओ पाहत नाही.

खरं म्हणजे पोळी संपूर्ण काढायची गरजच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराच्या नव्या सूचना दिल्या. त्यात दिवसभराच्या ऊर्जेतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. आपल्या डब्यात धान्याची गर्दी आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. ते उलटं करा. चारच्या दोन पोळ्या करा आणि उरलेल्या जागेत बरबटीची, मटकीची नाहीतर मुगाची उसळ भरा. ५० ग्रॅम सुक्या मुगात ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ती पोटात बसून राहतात आणि सहा वाजता समोशाकडे जायला पाय लवकर उठत नाहीत. डाळभाजी घट्ट करा. काकडी, मुळा, कांदा चिरून न्या. आणि शेवटी एक संत्रा.

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण नरखेडच्या टेबलांवर डब्यानंतर निघतो तो बिस्किटाचा पुडा. बाजारात ज्याला कोणी विचारत नाही तो चुरीचा संत्राही शंभर ग्रॅमला पन्नासच्या आत कॅलरी देतो. बागवाल्या घरातले लोकसुद्धा डब्यात क्रीमची बिस्किटं आणतात, तेव्हा मला बांगलादेशाचा राग यायचा बंद होतो. आपणच आपला माल उचलत नाही, त्यांनी का उचलावा?

भाकर ताटातून गेली त्याला मोबाइल जबाबदार नाही, हेही सांगायला हवं. ती आधीच गेली होती. ज्वारीच्या रानात संत्रा, कपाशी आणि सोयाबीन आलं. उरलीसुरली ज्वारी रोही आणि डुकरांनी खाल्ली, जी वाचली ती परतीच्या पावसात काळी पडली. रेशनवर गहू-तांदूळ आधी दोन-तीन रुपये किलोनं मिळायचे, १ जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतात. किराणा दुकानात चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग. ज्यांच्या घरी कधीकाळी ज्वारीची पेवं होती, ते आता ती अर्धा किलोच्या पाकिटात विकत घेतात आणि पाकिटावर शेतात हसणाऱ्या बाईचं चित्र असतं.

त्या चित्रातल्या नव्हे, खऱ्या बाईच्या डब्याबद्दल दोन शब्द. ती सकाळी निंदणाला किंवा कापूस वेचायला निघते तेव्हा तिच्या डब्यात चार पोळ्या किंवा दोन भाकरी, बेसन नाहीतर ठेचा आणि एक कांदा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या हिशेबानं बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २११० किलोकॅलरी पुरतात. जड कष्टाचं काम करणाऱ्या बाईला लागतात २७२०. म्हणजे खुर्चीतल्या साहेबांपेक्षा बांधावरच्या बाईला सहाशे जास्त. पण मिळतं कोणाला जास्त, हे दोघांचे डबे शेजारी ठेवले की कळतं. वजन टिकवायचा प्रश्न तिलाही आहे, फक्त तिचं खाली चाललेलं असतं. तिला पोळी सोडा म्हणून कोणी सांगू नये. तिच्या पोळीसोबत वाटीभर वरण कसं येईल ते बघावं.

आणखी एक बाई या गोष्टीत आहे. साहेबांनी पोळी सोडली म्हणजे घरानं सोडली असं नसतं. पोरांना पोळी हवी, सासऱ्यांना मऊ पोळी हवी आणि साहेबांना वेगळं काहीतरी हवं. म्हणजे पहाटे पाचला उठणारी आता साडेचारला उठते. साहेबांचा त्याग कचेरीत गाजतो, त्याची मजुरी ती भरते. तिच्या स्वतःच्या वाट्याला रात्रीची उरलेली पोळी चहात बुडवून येते, आणि वजन मात्र तिचंही वाढून राहिलं असतं.

म्हणून पोळी सोडणाऱ्या तमाम साहेबांना, सरांना आणि भाऊंना नम्र विनंती आहे. येत्या सोमवारी डबा तुम्ही स्वतः करा. मूग रविवारी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून मोड आणायला फडक्यात बांधा, सोमवारी तेल चमच्यानं मोजून उसळ करा आणि दोन पोळ्या जमतील तशा लाटा. नकाशा झाला तरी खा. बस स्टँडवरच्या पुडीवाल्याला आठवडाभर ओळख देऊ नका. एवढं करूनही वजन वाढलं तर मग खुशाल पोळीवर आरोपपत्र ठेवा.