माझ्याकडे तर चालतंय

तालुक्याच्या गावात प्रत्येक पतसंस्थेचे एक सॉफ्टवेअरवाले सर असतात. त्यांनी कुठल्या शाळेत शिकवलेलं नसतं, पण अडलेला कॉम्प्युटर हलवणाऱ्या माणसाला ‘सर’खेरीज दुसरं म्हणणार तरी काय? या सरांनी संस्थेला ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून सॉफ्टवेअर बनवून दिलेलं असतं. ते इतकं खास असतं, की हमखास एकाच कॉम्प्युटरवर चालतं. तो सरांचा.

बाकी कुठेही ते बंद पडलं की फोनवर सरांचं पहिलं वाक्य ठरलेलं : “माझ्याकडे तर चालतंय.” आवाजात राग नसतो, आपल्याविषयी थोडी कीव असते. दुसरं वाक्य : “तुम्ही काय केलंत?”

“काही नाही हो सर, नुसता नवीन कॉम्प्युटर आला,” क्लार्क मॅडम म्हणतात.

“मग! तेच केलंत ना!”

“रनटाइम एरर तीनशे एकोणचाळीस आलंय. पुढे एम, एस, सी, ओ, एम...”

“कळलं. ओसीएक्स गेली.”

कुठे गेली, हे विचारायचं नसतं. मुळात ती आलेलीच नसते. सरांचा सगळा संसार १९९८ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ वर उभा आहे. त्यातले कितीतरी तक्ते आणि बटणं ओसीएक्स नावाच्या वेगळ्या फायलींमध्ये राहतात. सरांच्या लॅपटॉपवर त्या पहिल्या दिवशीच आपोआप बसल्या. दुसरीकडे त्या सोबत द्याव्या लागतात, विंडोजमध्ये नोंदवाव्या लागतात. पण आपल्या लॅपटॉपवर काय काय आहे, याची यादी सरांनी कधी केलेली नाही. त्या व्हिज्युअल बेसिकची देखभाल मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये थांबवली. तेव्हाही सरांनी त्यांना “माझ्याकडे तर चालतंय” एवढंच कळवलं असतं.

मग सर एनीडेस्कवरून येतात. माउस आपोआप फिरू लागतो आणि शिपाई चहा घेऊन मागे उभा राहतो. आधी अँटिव्हायरस बंद. मग काळी खिडकी, त्यात काहीतरी खरडणं, आणि सॉफ्टवेअर उघडतं. लगेच पुढची एरर : डी ड्राइव्ह सापडत नाही. सगळा डेटा डी ड्राइव्हवरच असणार, हे सरांनी प्रोग्रामात कायमचं लिहून ठेवलंय आणि नव्या कॉम्प्युटरला नुसता सी आहे. सर डगमगत नाहीत. “एक पेनड्राइव्ह लावा.” पेनड्राइव्ह डी होतो, संस्थेच्या ठेवी त्यावर जातात आणि मॅडम वर चिकटपट्टी लावून लिहितात : ‘हा काढू नये. हुकुमावरून.’

तारखांची गंमत याहून मोठी. नव्या विंडोजची सेटिंग अमेरिकन राहिलेली; तिथे महिना आधी, दिवस नंतर. त्यामुळे ०५/०६ म्हणून टाकलेली पाच जूनची ठेव सहा मेची झाली. व्याज महिनाभर जास्त पडलं, पण एकाही ठेवीदाराने तक्रार केली नाही. त्याच दिवशी कर्ज घेतलेला एक सभासद मात्र पुढच्याच महिन्यात पासबुक आपटत आला. सरांनी तेरा तारखेची नोंद काढून बघितली. ती बरोबर निघाली. तेरावा महिनाच नसल्याने कॉम्प्युटर तिथे निमूटपणे दिवस-महिना अदलाबदल करतो. “बघा, चालतंय,” सर म्हणाले.

पावतीवरच्या मराठीचं काय सांगावं! फॉन्ट जुना, युनिकोडच्या आधीचा. तो नसला की अक्षरांच्या जागी चिन्हं उमटतात. एकदा अध्यक्षांच्या नावात डॉलर आणि टक्के छापून आले. सभासदांना त्यात वावगं काही वाटलं नाही.

तरीही सरांना कुणी सोडत नाही. पाडव्याला हप्ता भरणाऱ्याला अर्धा टक्का सूट द्यायची, तीही अध्यक्षांनी हो म्हटलं तरच, हा नियम मोठ्या कंपनीच्या पॅकेजात बसत नाही. सर तो एका संध्याकाळी बसवून देतात. शिवाय सोर्स कोड त्यांच्याच लॅपटॉपवर असतो, त्यामुळे सोडायचं म्हटलं तरी जाणार कुठे?

तेव्हा, तुमच्या संस्थेत असे सर येणार असतील, तर चेक देण्याआधी सॉफ्टवेअर त्यांच्या लॅपटॉपवर बघू नका. क्लार्कच्या कॉम्प्युटरवर चालवून घ्या, सोर्स कोडची एक प्रत मागून ठेवा, आणि चाचणी महिन्याच्या बारा तारखेच्या आत घ्या.