मीरा रोडपर्यंतची भैरवी

केसरबाई केरकरांची एक भैरवी आहे, साधारण साडेतीन मिनिटांची. भाईंदरहून गाडी हलताना लावली, की मीरा रोडचा फलाट दिसेपर्यंत संपते. हीच भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली. त्या सोनेरी तबकडीवर जगभरचं संगीत आहे, आणि भारताच्या वाट्याचं हे एकच गाणं. ‘व्हॉयेजर १’ ५ सप्टेंबरला उडालं, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आता ते यान अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास पोचलंय. आमच्याकडे मात्र तीच भैरवी मीरा रोडला थांबते, कारण तिथे चढणाऱ्या मंडळींच्या कोपरांना सुरांचं काही पडलेलं नसतं. परग्रहावर कुणी ती ऐकलीच, तर त्याला निदान बसायला जागा तरी मिळेल.

गाण्याचं वेड लागलेल्या माणसाच्या डोक्यात रेल्वेचं एक निराळंच वेळापत्रक असतं. जुनी ७८ची रेकॉर्ड म्हणजे मीरा रोड. एलपीची एक बाजू म्हणजे मालाड. मैफलीतला ऐसपैस बडा ख्याल असेल, तर दादर. त्यामुळे हा माणूस भाईंदरहून सुटणारी स्लो लोकल पकडतो आणि समोरून गेलेल्या फास्टकडे ढुंकूनही बघत नाही. ऑफिसातले विचारतात, “अहो, स्लोने कशाला रखडता?” विलंबित ऐकायचं आणि फास्टने जायचं हे शोभत नाही, एवढं सांगून मोकळं व्हावं.

जाणकारांची तक्रार वेगळी. सकाळच्या गाडीत किशोरीताईंचा भूप ऐकतोय म्हटल्यावर त्यांच्या भुवया वर जातात. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, हे खरंच. पण त्या प्रहरी भाईंदरकर अंधेरी आणि बोरिवलीच्या मध्ये एका पायावर उभा असतो, आणि दुसरा पाय कुणाचा आहे याचा शोध चालू असतो. शिवाय प्रहर आता गवयांच्या तरी हातात कुठे राहिलेत? भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र रात्र रंगायचा. मग लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आली आणि मालकंस, दरबारीसारखे मध्यरात्रीचे राग आपल्या वेळेलाच बेघर झाले. त्यातला एखादा सकाळी दहिसरला आसऱ्याला आला, तर त्याला हाकलायचं कशाला?

आसरा म्हणजे निवांतपणा, असं मात्र कुणी समजू नये. डब्याच्या एका टोकाला भजनी मंडळ टाळ घेऊन बसलेलं असतं. दुसऱ्या टोकाला कुणीतरी मोबाइलचा आवाज सोडून मालिका बघत असतो. “पुढील स्टेशन” सांगणाऱ्या बाई तर नेमक्या तानेत शिरतात, तेही तीन भाषांमधून. घरी यावं तर नवरात्रात गल्लीगल्लीत गरबा, आणि एरवी वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशीन आहेच. ऐकणाऱ्याचा रियाज होतो तो इथेच. एवढ्या कल्लोळातून तंबोऱ्याची एक तार शोधून धरायला जमलं, की पार्ल्याचं दीनानाथ काय किंवा आपल्या हद्दीत आलेलं लता मंगेशकर नाट्यगृह काय, तिथली एअरकंडिशन्ड शांतता अगदी सोपा पेपर वाटते. वडिलांच्या नावाचं नाट्यगृह पार्ल्याला, लेकीच्या नावाचं मीरा रोडला; एका घराण्याने पश्चिम रेल्वेची अशी सोय केलीय.

या जमातीची माणसं एकमेकांना ओळखतात कशी? खिडकीशी एक गृहस्थ डोळे मिटून बसलेले असतात. मांडीवर डब्याची पिशवी, तिच्यावर उजवा हात. झोपलेत म्हणावं, तर हात डब्यावर हलकेच पडतोय. पडतो, थांबतो, पुन्हा पडतो, आणि नवव्या मात्रेला तळवा अलगद उताणा होतो. खाली! तीनताल चाललाय. मग आपला हातही आपोआप चालू लागतो. गाणी दोघांची वेगळी, समा वेगवेगळ्या, त्यामुळे समोरासमोर दोन वाहतूक पोलीस उभे असल्यासारखं दिसतं. गोरेगावला ते डोळे उघडतात.

“कोण?” आपण विचारतो.

“मन्सूर. आणि तुमच्याकडे?”

“किशोरीताई.”

“म्हणजे घरातलेच की!”

दोघांचंही गाणं शेवटी अल्लादियाखाँसाहेबांच्या जयपूर घराण्याशी पोचतं, एवढ्यावर नातं पक्कं होतं. अंधेरीला ते उतरून जातात. नाव-गाव विचारायचं राहून जातं, पण त्यांचा मन्सूर आवडता, हे कळलेलं असतं. शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाबद्दल आपल्याला इतकंही ठाऊक नसतं.

“तेच तेच ऐकून मिळतं काय तुम्हाला?” हा घरचा प्रश्न. सूर गळ्यात नाही, हातात वाद्य नाही, पुढेमागे कुठल्या स्पर्धेत नंबर येण्याची शक्यता नाही. उत्तर सांगायला अवघड आहे, पण आहे. दिवसभर प्रत्येक जण आपल्याला उशीर झाल्याचं बजावत असतो. गाडी, साहेब, बँकेचे मेसेज, सगळे. एकटा ख्याल तसं म्हणत नाही. सम कुठे आहे हे गाणाऱ्याला माहीत असतं, आपल्यालाही माहीत असतं, तरी तो वळसे घेत घेत येतो आणि आपण खुशीने वाट बघतो. या गावात माणूस खुशीने वाट बघतो अशी दुसरी जागा मला ठाऊक नाही. आणि सम आली, की भर डब्यात “वा!” निघून जातं. शेजारचा दचकून बॅग जवळ ओढतो. ओढू दे.

परवा दहिसरच्या अलीकडे सिग्नलला गाडी उभी राहिली. अख्ख्या डब्याने घड्याळात बघून “च्च” केलं. इकडे मुखडा नुकताच परतून आला होता आणि दोन-तीन आवर्तनं फुकटात पदरात पडली. पुढे फलाटावर घोषणा झाली की प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल रेल्वे दिलगीर आहे. रेल्वेने आमच्यासाठी एवढं मनाला लावून घेऊ नये.