देवाला जल्लाद करू नका

२ सप्टेंबर २००९ च्या सकाळी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलावर बेपत्ता झालं. दुसऱ्या दिवशी पावुरालगुट्टाच्या डोंगरावर मृतदेह सापडला. इडुपुलपायाला अंत्यसंस्कार व्हायचे होते, त्याआधीच लोकांनी निकाल देऊन टाकला होता. बालाजीनं बघून घेतलं. सात डोंगरांवर नजर ठेवली, एडुकोंडलवाड्यानं, म्हणजे सात डोंगरांच्या धन्यानं, सोडलं नाही. हे बोलणं तेलुगूत झालं, आणि आपल्या आदिलाबादकडच्या मराठीतही झालं. बोलणाऱ्यांत देवभोळी माणसं होती, शिकलेली होती, एरवी मुंगीवर पाय न देणारीही होती.

पुरावा काय होता? माणूस ख्रिस्ती होता. हेलिकॉप्टर चित्तूर जिल्ह्याकडे, म्हणजे तिरुपती तेव्हा ज्यात होतं त्याच जिल्ह्याकडे निघालं होतं. आणि तिरुमलाच्या सात डोंगरांपैकी दोनच देवस्थानाला ठेवून बाकीचे सरकार काढून घेणार, अशी अफवा आधीपासून फिरत होती. एवढ्यावर फाशी झाली आणि फाशी देणारा म्हणून व्यंकटेशाचं नाव लागलं.

त्या हेलिकॉप्टरमध्ये पाच माणसं होती. मुख्यमंत्री, त्यांचे सचिव, मुख्य सुरक्षा अधिकारी आणि दोन वैमानिक. पाचही गेले. बाकीच्या चौघांनी कोणता डोंगर बळकावला होता? ते चौघे नोकरीवर होते. त्यांनाही घर होतं, आणि त्या घरांपर्यंतही हे बोलणं पोचत होतं. देवाच्या न्यायाचा जयजयकार करणाऱ्या किती जणांना त्या चार घरांची आठवण झाली?

तांत्रिक चौकशी झाली. तिचं म्हणणं साधं आहे. यंत्रातल्या तेलाच्या दाबाबद्दल इशारा मिळाला, वैमानिक त्याचा उपाय शोधण्यात गुंतले, समोर वादळी ढग होते, त्यात हेलिकॉप्टर शिरलं आणि उंची हरवून बसलं. वाईट हवामान आणि विचलित झालेलं लक्ष. बस.

आणि तो डोंगरांचा आरोप? २००७ साली राजशेखर रेड्डींच्याच सरकारनं तिरुमलासह मोठ्या देवस्थानांच्या परिसरात इतर धर्मांच्या प्रचाराला बंदी घालणारा कायदा केला. मुख्यमंत्री म्हणून ब्रह्मोत्सवात बालाजीला रेशमी वस्त्रं अर्पण करायला तेच गेले होते. त्यांच्या धर्मावर राग असलेल्यांना हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना ते नको होतं. अफवा सोयीची होती, म्हणून मरणानंतर तिला दैवी मोहोर लावून घेतली.

ज्या धर्मात राजशेखर रेड्डी जन्मले त्या धर्माच्या ग्रंथात या प्रश्नाचं उत्तर आहे. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसं दगावल्याची गोष्ट येते. ती अठरा माणसं यरुशलेमातल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पापी होती का, असं येशू ऐकणाऱ्यांना विचारतो, आणि नाही म्हणून स्वतःच सांगतो. पुढे म्हणतो, तुम्ही तुमचं बघा. दुसऱ्याच्या मढ्यावर उभं राहून स्वतःची पुण्याई मोजणाऱ्याला यापेक्षा कडक उत्तर मला ठाऊक नाही.

ही चूक फक्त द्वेष करणारेच करतात असंही नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसं गेली. हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे, असं खुद्द गांधीजी म्हणाले. हेतू चांगला होता. तरी रवींद्रनाथांनी त्यांना जाहीरपणे विरोध केला, की निसर्गाच्या घटनेला नीतीचा निवाडा ठरवू नका. गांधीजींनी ते पत्र आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापलं. ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांत अस्पृश्यही होते, हे विसरून चालणार नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडी जे शोभलं नाही, ते आपल्या तोंडी काय शोभणार?

आता दुसरी बाजू. तिच्याबद्दलही मला तेवढाच राग आहे.

राजशेखर रेड्डी गेल्यावर धक्क्यानं किती जण मेले, किती जणांनी जीव दिला, याचे आकडे वर्तमानपत्रांत रोज चढत गेले. शेकड्यांत गेले. त्यातल्या प्रत्येक मरणाची शहानिशा कोण करणार होतं? पुढे त्या कुटुंबांचं सांत्वन करण्यासाठी मुलानं ओदार्पू यात्रा काढली आणि त्या यात्रेतून एक पक्ष उभा राहिला. २८ मे २०१० ला ती यात्रा तेलंगणात महबूबाबादला यायची होती. वेगळ्या तेलंगणासाठी पोरं जीव देत होती ते दिवस. तुमच्या शोकाला रस्ता आणि आमच्या शोकाला लाठी का, असा तिथल्यांचा सवाल होता. स्टेशनवर दगडफेक झाली, गोळीबार झाला. सांत्वनाच्या यात्रेत माणसं जखमी झाली.

त्याआधी जानेवारीत एका तेलुगू वाहिनीनं कुठल्याशा परदेशी संकेतस्थळाच्या भरवशावर या मरणामागे उद्योगपतीचा कट असल्याची बातमी चालवली होती, आणि त्याच रात्री गावोगाव रिलायन्सच्या दुकानांवर दगड पडायला लागले. एकीकडे देवानं मारलं, दुसरीकडे उद्योगपतीनं मारलं. ढगांनी मारलं हे कोणालाच पटवून घ्यायचं नव्हतं, कारण ढगाचा सूड घेता येत नाही.

आपल्या मराठी मुलखातही हेच बघितलं. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर लोटलेली गर्दी खरी होती, रडणारी माणसं खरी होती. त्यांच्या दुःखाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण पालघरच्या एकवीस-बावीस वर्षांच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, की अशी माणसं रोज जन्मतात आणि मरतात, त्यासाठी बंद कशाला. तिच्या मैत्रिणीनं ते आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. एकीच्या नातेवाइकाचा दवाखाना फोडला. सुरुवातीला पोलिसांनी लावलेल्या कलमांत धार्मिक भावना दुखावल्याचं कलम होतं, नंतर ते बदललं. राजकीय पुढाऱ्याच्या मरणाबद्दल दोन वाक्यं लिहिली तर धर्म दुखावतो, हे कोणत्या धर्मात लिहिलंय ते पोलिसांनी सांगायला हवं होतं. गुन्हा पुढे टिकला नाही. त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ‘६६ अ’ हे कलम २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं श्रेया सिंघल खटल्यात मोडीत काढलं, आणि त्या खटल्याला पालघरचीच अटक निमित्त झाली होती.

त्याच आठवड्यात न्यायमूर्ती मार्कंडेय काट्जू यांनी ‘द हिंदू’त लिहिलं, की मी ठाकरेंना श्रद्धांजली वाहू शकत नाही, कारण त्यांचं भूमिपुत्रांचं राजकारण मला देशाच्या विरुद्ध वाटतं. त्यांनी मरणाचा आनंद केला नाही, देवाला मध्ये आणलं नाही. कारण देऊन नकार दिला. त्या लेखाशी मी सगळ्या बाबतीत सहमत नाही, पण न पटलेल्या पुढाऱ्याच्या मरणावर एवढं स्वच्छ बोलता येतं, हे त्यानं दाखवलं. नकार द्यायला काट्जूंना परवानगी आणि पालघरच्या पोरीला कोठडी, हा मात्र निव्वळ वजनाचा फरक होता.

वैर मरणापाशी थांबतं, हे आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. रावण पडल्यावर बिभीषण त्याचे संस्कार करायला कचरतो, तेव्हा ते करायला राम त्याला सांगतो. आपल्याकडच्या गोंड समाजात रावणाला आपला मानणारेही आहेत, आणि त्याला जाळण्याचा सोहळा त्यांना डाचतो. तेही या निमित्तानं ध्यानात ठेवावं. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचं दफन रीतीनं झालं, हे तर आपण पोरांना अभिमानानं सांगतो.

पण थांबतं म्हणजे काय थांबतं? गावात बांधावरून वीस वर्षं तंटा असतो, बोलाचाल बंद असते. समोरच्या घरी माणूस गेला की हा उठतो, तिरडी बांधायला हात लावतो, मसणात लाकूड टाकतो. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून याच्या घरून भाकरी-पिठलं जातं. आणि तहसीलमधली तारीख आली की हा आपला सातबारा घेऊन हजर असतो. गावात कोणालाच यात विसंगती वाटत नाही. देहाचा मान वेगळा आणि बांधाचा वाद वेगळा.

पुढारी गेला की आपण नेमकं उलटं करतो. देहाची विटंबना करतो आणि बांध सोडून देतो.

ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर ८ एप्रिल २०१३ ला गेल्या, तेव्हा तिथे काही ठिकाणी रस्त्यावर जल्लोष झाला आणि चेटकीण मेल्याचं एक जुनं गाणं खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. त्यांच्या धोरणांनी खाणकामगारांच्या वस्त्यांना झालेली जखम खरी होती, जल्लोषानं ती भरली नाही. सेंट पॉल्स कॅथेड्रलमधल्या अंत्यविधीत लंडनचे बिशप रिचर्ड चार्टर्स यांनी सांगितलं, की हा अंत्यविधी आहे, गुणगौरवाची सभा नाही, आणि धोरणांवर वाद घालायची ही जागाही नाही. बिशपनं एका दमात दोन्ही दारं लावली, शिव्यांचं आणि स्तुतीचं. आपले किती पुजारी, किती मौलवी, किती पाद्री पुढाऱ्याच्या मढ्यापाशी स्तुतीचं दार लावतात?

तर आदिलाबादनं राजशेखर रेड्डींचा हिशेब कसा मांडायचा? खरा मांडायचा. १०८ नंबर फिरवला की रुग्णवाहिका येते, हे आपल्या जिल्ह्यात त्यांच्या काळात सुरू झालं. आरोग्यश्री योजनेमुळे ज्यांच्या खिशात बसच्या भाड्याचे पैसे नव्हते त्यांच्या हृदयावर हैदराबादला शस्त्रक्रिया झाल्या. पहिल्या दिवशी, १४ मे २००४ ला, त्यांनी शेतीला मोफत विजेच्या फायलीवर सही केली. हे लिहायचं आणि ठळक लिहायचं, त्यांच्या विरोधात मत दिलेल्यांनीही.

त्याच पानावर पुढचंही लिहायचं. ऑक्टोबर २००४ ला माओवाद्यांशी बोलणी सुरू झाली, काही महिन्यांतच मोडली, आणि त्यानंतर चकमकींचा जो सपाटा लागला त्यात आपल्या जंगलातल्या किती आयांनी पोरं ओळखायला शवागार गाठलं. २००९ च्या निवडणुकीत तेलंगणातलं मतदान उरकल्यावर ते नंद्यालच्या सभेत म्हणाले, की तेलंगण वेगळं झालं तर हैदराबादला जायला व्हिसा लागेल. इथली मतं पेटीत पडेपर्यंत हे वाक्य राखून ठेवलं होतं. प्राणहितेचं पाणी आपल्या तुम्मिडीहट्टीवरून उचलून पार चेवेळ्ळ्यापर्यंत न्यायची योजना त्यांनी आखली, तिला बाबासाहेबांचं नाव दिलं, आणि ज्या जिल्ह्याच्या अंगणातून पाणी निघणार त्याच्या वाट्याला त्यातलं थोडकंच लिहिलं. पुढे तेलंगणाच्या सरकारनं आराखडाच मेडिगड्ड्याला हलवला. तिथल्या बंधाऱ्याचे खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले, आणि तुम्मिडीहट्टीला धरण उभं राहिलंच नाही. हा आपला बांध आहे. तो राजशेखर रेड्डींच्या देहाबरोबर पुरला गेलेला नाही आणि बालाजीच्या नावानं फिटणाराही नाही.

देवानं शिक्षा केली म्हटलं की सगळं संपतं. मग माहिती मागायला नको, आयोग नको, चकमकीतल्या मृतांची नावं काढायला नको. दैवी न्यायाची भाषा बोलणाऱ्यांवर माझा खरा राग याच्यासाठी आहे. ती भाषा जुलमी पुढाऱ्याच्या वारसांना सगळ्यात सोयीची पडते.

आपल्या आदिलाबादमधलं इंद्रवेल्ली आठवा. २० एप्रिल १९८१, सोमवार, बाजाराचा दिवस. गिरिजन रयतु कुली संघाच्या सभेला गोंड माणसं जमली होती, सभेची परवानगी ऐन वेळी काढून घेतली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा. नागरी हक्कवाल्या संघटनांनी साठच्या घरातला सांगितला. त्यांच्या आठवणीत लाल स्तूप उभा राहिला, १९८६ मध्ये तो उडवला गेला, पुढच्या वर्षी पुन्हा बांधला. आणि मग वर्षानुवर्षं दर २० एप्रिलला तिथे जमावबंदी. बायका आपल्या नवऱ्याच्या नावानं फूल वाहायला निघाल्या तर पोलीस आडवे. पुढाऱ्यांच्या शोकासाठी बाजार बंद करणारं राज्य गोंडांच्या शोकावर १४४ लावत राहिलं. इंद्रवेल्लीत देवानं कोणाला शिक्षा केली, असं विचारायला एकही धर्ममार्तंड आला नाही. गरिबाच्या मरणात देवाचा हात कोणाला दिसत नाही.

तेव्हा मुख्यमंत्री होते टी. अंजय्या. ऑक्टोबर १९८६ मध्ये तेही गेले. मजुरीतून वर आलेला माणूस, त्यांच्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगणारे अजून भेटतात, आणि त्या गोष्टी खोट्या नसतील. हैदराबादला हुसेनसागराच्या काठावर पर्यटक जिथे बोटीत बसतात, त्या बागेचं अधिकृत नाव टी. अंजय्या लुंबिनी पार्क असं आहे. ते नाव पुसा असं मी म्हणत नाही. सरकारनं त्या फाटकावर अंजय्यांच्या कारकिर्दीची पाटी लावावी, त्यांनी केलेली कामं तिच्यावर लिहावीत, आणि त्याच अक्षरांत, त्याच आकारात, २० एप्रिल १९८१ आणि इंद्रवेल्लीही लिहावं. तेलुगूत, उर्दूत, गोंडीत आणि आपल्या मराठीतसुद्धा.