बटनकाका

तात्यापाऱ्यापासून चौबे कॉलनीपर्यंत, रायपूरच्या मराठी वस्तीत गल्लीगणिक एक बटनकाका असतो. ओळखायला सोपा. भर बैठकीत हात ताठ पुढे, मुठीत रिमोट, एक डोळा बारीक आणि तोंडानं चालू, "घे ना बाबा, घे." रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर रबरबँड. हा नवा रिमोट ब्लूटूथवर चालतो, पाठीमागे धरला तरी चालेल, असं नातवाचं पुण्याहून दहादा सांगून झालंय. पण नेम धरल्याशिवाय गोळी लागते, यावर काकांचा विश्वास नाही.

काकांना अडाणी समजू नये. सारी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात झाली. तिथली पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि काका त्याच घराण्यातल्या एका भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये बसले. "पॅनेलवरचं रशियन एक अक्षर वाचता येत नव्हतं," ते छाती फुगवून सांगतात, "पण अंधारात हात घातला तरी बरोब्बर बटनावर!" खरं म्हणजे त्यांची सगळी तक्रार या एका वाक्यात येते. बटन काल होतं तिथंच आज असावं. याहून जास्त त्या माणसानं मागितलेलं नाही.

आणि टीव्ही त्यांना काही नवा नाही. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर, उपग्रहावरून थेट खेड्यांत कार्यक्रम दाखवण्याचा 'साइट' प्रयोग देशातल्या सुमारे २,४०० गावांत झाला. त्यात रायपूर जिल्ह्यातली गावं होती. मामाच्या गावी पंचायतीसमोर बसून काकांनी तो पाहिला. शेतीपासून आरोग्यापर्यंत जे येईल ते सगळ्या गावानं मुकाट बघायचं. काय बघायचं ते ठरवण्याची कटकट नव्हती.

आता तीन रिमोट आहेत. एकानं टीव्ही लागतो, दुसऱ्यानं सेटटॉप बॉक्स, तिसऱ्यानं ती मागं खोचलेली काडी. आवाज कोणत्यानं कमी होतो ते त्या दिवसावर अवलंबून. तिसऱ्यावर खाली चार रंगीत बटनं आहेत, ज्यांचे पैसे काकांनी कधी भरले नाहीत अशा चार कंपन्यांची. त्या कंपन्या रिमोटवर जागा मिळावी म्हणून पैसे मोजतात, म्हणूनच ती बटनं सगळ्यांत ठसठशीत, आणि काकांचा अंगठा नेमका तिथंच विसावतो. 'वस्त्रहरण' नाटक बघायला बसलेल्या काकूंसमोर एकदम कोरियन गुंड उभे राहतात, नाहीतर महिन्याचे किती भरणार असं विचारणारा फलक. १९५६ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीनं काढलेल्या रिमोटला चारच बटनं होती आणि बॅटरीसुद्धा लागत नव्हती. आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची, तो आवाज टीव्हीला कळायचा. हे कळल्यापासून काका त्या रिमोटची चौकशी शारदा चौकातल्या दुकानांत करतात.

शोधाशोध म्हणजे वेगळंच प्रकरण. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची चाळ, आणि एका अक्षरावरून दुसऱ्यावर बाणानं चालत जायचं. व्हीपर्यंत पोचेस्तोवर नाटकाचा पहिला अंक झाला असता. काकूंनी म्हणून वही केली होती: लाल बटन, दोनदा खाली, एकदा उजवीकडे, ओके. तीन आठवडे घर सुखात होतं. मग रात्रीत कुठलंसं अपडेट आलं आणि सगळ्या ओळी वरखाली झाल्या. वही आता दूधवाल्याच्या हिशेबाला. हल्ली कामवालीची चौथीतली पोर येऊन सोडवते. "कका, घर वाला बटन ला दबा न!" काका दाबतात. लागतं. पोर गेली की पुन्हा निळा पडदा.

पण घरातलं परवडलं. मुलानं घेतलेल्या नव्या गाडीत एसीसुद्धा पडद्यातच आहे. मे महिना, नागपूरचा रस्ता, बाहेर पंचेचाळीस, आत काकूंना हुडहुडी.

"अहो, थंड कमी करा ना."

"करूनच तर राहिलो!"

बोट पडद्याकडे जातं, तेवढ्यात खड्डा येतो आणि रेडिओ लागतो. जुन्या मारुती आठशेत एक दांडी सरकवली की काम व्हायचं, मान वळवावी लागत नव्हती. शेवटी काका गाडीशी तोंडानं बोलले, "एसी कमी कर." गाडीनं फोनमधला एसी मिस्त्री लावला. तोही भला माणूस. कुठं यायचं म्हणून विचारू लागला. परतताना काकू व्याह्यांबद्दल मनमोकळं बोलत असताना गाडीनं व्याह्यांचाच फोन आपणहून स्पीकरवर घेतला, त्याविषयी मी अधिक लिहीत नाही.

काकांच्या बाजूनं पुरावा मात्र आहे. २०२२ मध्ये स्वीडनच्या एका मासिकानं चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगात चार साधी कामं करायला २००५ च्या, बटनांच्या व्होल्वोत दहा सेकंद लागले. पडदेवाल्या एका नव्या गाडीत पाऊण मिनिट, म्हणजे तेवढ्यात गाडी जवळजवळ चौदाशे मीटर पुढे. युरोपात मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणारी संस्थाही २०२६ पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांना खरी बटनं असावीत म्हणते. हे काकांनी महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले, बाकीच्यांनी शुभ सकाळची फुलं पाठवली.

सध्या काकांनी स्वतःच तोडगा काढलाय. काकूंची लाल टिकली त्यांनी रिमोटच्या ओके बटनावर लावली, छान चाललं. त्या उत्साहात एक टिकली गाडीच्या पडद्यावरही, एसी जिथं दिसतो त्या जागी. परवा गाडीचंही अपडेट झालं. टिकलीखाली आता व्याह्यांचा नंबर आहे.