सतरा मिनिटांचे नुकसान

मुले वर्गातून उठून रस्त्यावर आली की मोठ्या माणसांना पहिली आठवण होते ती अभ्यासाची. एरवी छप्पर गळत असते, गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी असते, चौथीचा वर्ग दुसरीच्या वर्गात बसवलेला असतो. तेव्हा ही आठवण कुठे गावाला गेलेली असते कोण जाणे. पण पोरांनी पुठ्ठ्यावर चार शब्द खरडून शाळेचे फाटक ओलांडले, की मंत्र्यांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांचा जीव अभ्यासक्रमासाठी तीळतीळ तुटू लागतो.

हे दुखणे जागतिक आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मुलांनी हवामानबदलाच्या प्रश्नावर शाळा सोडून मोर्चे काढायचे ठरवले. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन संसदेत उभे राहिले आणि शाळांमध्ये शिकणे वाढावे, चळवळी कमी व्हाव्यात, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली. त्यांचे खनिज संपत्ती खात्याचे मंत्री मॅट कॅनव्हन यांनी तर मुलांनी काय शिकावे तेही सांगून टाकले : खाण कशी उभारायची, तेल आणि वायूसाठी जमिनीत भोक कसे पाडायचे. मोर्चात जाऊन शिकाल ते बेकारभत्त्याच्या रांगेत उभे राहायला, असा इशारा वर. कोळसा-तेल जाळण्याविरुद्ध निघालेल्या मुलांना तेल काढायचा धडा नेमून देण्याला गृहपाठ म्हणायचे की शिक्षा, हे त्या मुलांनाही ठरवता आले नसावे. ती हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आली. मॉरिसनसाहेबांना उद्देशून लिहिलेले फलकही बरोबर होते.

बेल्जियममध्ये फ्लँडर्स प्रांताच्या पर्यावरणमंत्री योके स्खाउव्लीख यांना मुलांच्या मोर्चांमागे कुणाचा तरी हात दिसला. आपल्याकडेही हा हात वरचेवर दिसत असतो, पण तो कुणाचा हे सहसा कळत नाही. या बाईंनी पुरावाच सांगितला : हे सगळे घडवून आणलेले आहे, असे आपल्याला गुप्तचरांकडून समजले आहे. गुप्तचर खात्याने सांगितले की आम्ही असे काहीच बोललो नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बाईंना मंत्रिपद सोडावे लागले. शाळा सोडलेली मुले मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे वर्गात हजर राहू शकत होती.

पण शिस्तीचे खरे गणित पाहायचे तर अमेरिकेला जावे लागते. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याने गोळीबार करून १७ जणांचा जीव घेतला. बरोबर महिन्याने, १४ मार्चला सकाळी १० वाजता, देशभरातल्या मुलांनी वर्गाबाहेर येऊन १७ मिनिटे उभे राहायचे ठरवले. एका जिवामागे एक मिनिट. काही शाळांनी समंजसपणा दाखवला. टेक्सासमधल्या नीडव्हिलच्या शाळाधिकाऱ्यांनी मात्र आधीच बजावून ठेवले होते की बाहेर पडेल त्याला तीन दिवस निलंबित करू, आणि पालकांची चिठ्ठी आणली तरी सुटका नाही. शाळेचा दिवस सहा तासांचा धरला तर तीन दिवसांची मिनिटे होतात १०८०. म्हणजे १७ मिनिटांचा अभ्यास बुडू नये म्हणून त्याच्या साठपटीहून जास्त अभ्यास बुडवायचा. सावकाराच्या वहीतही व्याजाचा असा दर सापडणार नाही.

आर्कान्सातल्या ग्रीनब्रायर गावच्या शाळेने मुलांचा वेळ वाचवला. तिथे बाहेर पडलेल्या तीन विद्यार्थ्यांपुढे निलंबन किंवा फळीचे फटके असा पर्याय ठेवला गेला. तिघांनीही फटके घेतले, प्रत्येकी दोन. बंदुकीच्या हिंसेविरुद्ध शांतपणे बाहेर उभे राहिल्याबद्दल फळीने मारायचे, यातली विसंगती बहुधा अभ्यासक्रमात नसावी. गंमत म्हणजे एमआयटी, येल अशा विद्यापीठांनी आधीच जाहीर केले होते की या निषेधापायी झालेली शिक्षा प्रवेशाच्या आड येणार नाही.

छडी आणि बहिष्कार यांचे नाते तसे जुनेच. सप्टेंबर १९११ मध्ये वेल्समधल्या लानेथ्लीच्या शाळेत संपाची चिठ्ठी फिरवणाऱ्या एका मुलाला शिक्षा झाली आणि बाकीची पोरे उठून बाहेर पडली. बघता बघता हे लोण ब्रिटनमधल्या साठाहून अधिक गावांत पोचले. मागण्या साध्या होत्या : छडी बंद करा, शाळेची वेळ कमी करा. गृहपाठाबद्दलही तक्रार होती, आणि त्या बाबतीत शंभर वर्षांत काही फरक पडलेला नाही.

आपल्याकडे इंग्रज सरकारने १९०५ साली, वंगभंगाच्या गदारोळात, कार्लाइल परिपत्रक काढून बंगालमधल्या विद्यार्थ्यांना सभा-मोर्चांपासून दूर ठेवायचा बंदोबस्त केला; पोरे आवरली नाहीत तर शाळांचे अनुदान बंद, अशी धमकी दिली. साहेबालाही चिंता शिक्षणाचीच होती. पुढे ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शाळकरी शिरीषकुमार मेहता आपल्या सोबत्यांसह मारला गेला. आज त्याच्यावर मुलांकडून भाषणे पाठ करून घेतली जातात. भाषण तीन मिनिटांचे असावे आणि मुलाने गणवेशात यावे, एवढीच अट असते.

कारण रस्त्यावर येण्याला आपला मुळीच विरोध नाही. फक्त ते वरून ठरले पाहिजे. साक्षरतेची प्रभातफेरी, स्वच्छतेची घोषणा, कुठल्याशा अभियानाची मानवी साखळी, मंत्र्यांच्या गाडीची वाट बघत उन्हात दुतर्फा उभे राहणे, हे सारे शाळेच्या वेळेतच होते आणि त्याने अभ्यासाचे नुकसान होत नाही. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस लिहिलेले आहेत. त्याच कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकांना जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुकीच्या कामाला जुंपायची मुभा ठेवली आहे. गुरुजी मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरतात तेव्हा त्यांना कोणी शाळा सोडून गेलेले म्हणत नाही.

२०२२च्या ऑक्टोबरमध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या मुलांनी या सगळ्या व्यवस्थेची पंचाईत केली. भाम धरणाजवळच्या या गावची शाळा बंद झाली होती. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती राज्याचे शिक्षण खाते त्याच सुमारास गोळा करत होते. दरेवाडीची पोरे पाठीला दप्तरे अडकवून, शेळ्या बरोबर घेऊन थेट नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. घोषणा होती, ‘दप्तर घ्या, शेळ्या द्या’.

आता यांना काय सांगायचे? वर्गात परत जा म्हणावे तर वर्ग बंद. निलंबित करावे तर कशातून? पाठीशी कुणाचा हात आहे असे विचारावे तर पाठीला दप्तर, आणि ते तर पोरे आपणहून काढून द्यायला आली होती. अभ्यासाचे नुकसान हा शब्दप्रयोग इतकी वर्षे मोठ्यांच्या मालकीचा होता. या मुलांनी तोच तक्रार म्हणून साहेबांच्या दारात आणून बांधला. परिपत्रकांच्या ढिगात मुलांसाठी उत्तरे पुष्कळ सापडतील, पण शेळ्यांना कोणत्या विभागाकडे पाठवायचे याचा शासननिर्णय शोधावा लागला असता.