घरात कासव पाळण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

लक्ष्मी यावी म्हणून घरात कासव आणायचे ठरले असेल, तर आधी घर कासवाला राहण्याजोगे करावे. लक्ष्मी यायची तेव्हा येईल, मुक्कामाला आधी कासव येणार. आपल्या तळ्यांत, विहिरींत आणि भातखाचरांत सर्रास आढळते ते लिसेमिस पंक्टाटा, पोटाखालच्या चामडी झडपांनी मागचे पाय झाकून घेणारे. त्याला गाळात रुतून बसायला आवडते. तेव्हा काचेच्या टाकीतले रंगीत खडे काढून तिथे हातभर चिखल भरावा आणि कासव दिसत नाही अशी तक्रार करू नये. बेडूक, गोगलगायी, मासे, पाणवनस्पती आणि मेलेली जनावरे हा त्याचा आहार. म्हणून दिवाणखान्यात एखादा मासा कुजत ठेवावा, पाहुण्यांना सवय आपोआप होईल. उन्हाळ्यात तळे आटले की ते जमिनीत गाडून घेऊन पावसाची वाट पाहते आणि मादी अंडीही मातीतच घालते. त्यासाठी फरशी उखडणे ओघाने आलेच.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, कासव तर बादलीतही वर्षानुवर्षे जगते. खरे आहे, पण त्याच्या शरीराचा सगळा कारभारच संथ असल्याने ते उपासमार आणि आजार दीर्घकाळ सोसते. ज्याला मरायलाही वेळ लागतो, त्याचे जगणे सुखाचे समजणे ही हिशेबातली चूक आहे. शिवाय हे कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणाऱ्याची तीन ते सात वर्षे दुसऱ्याने बांधलेल्या टाकीत राहण्याची सोय सरकार करते. मग दुकानातले, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले अमेरिकन पिल्लू आणावे का? ते हातात येते तेव्हा रुपयाएवढे असते आणि पुढे ताटाएवढे होते. तेव्हा कंटाळलेला मालक ते गावच्या तळ्यात सोडून पुण्य जोडतो आणि तिथल्या मूळ कासवांच्या अन्नात व जागेत वाटेकरी घालतो.

सारांश, कासव नीट पाळायचे तर गाळ, बेडूक, कुजका मासा, ऊन, ओली माती आणि पाऊस एवढे हवे. अशा बांधकामाला तळे म्हणतात आणि कासव आधीपासून तिथेच राहते. त्यात कचरा न टाकणे आणि ते न बुजवणे, एवढीच देखभाल आपल्याकडे उरते. वास्तूला कासव हवेच असेल, तर देवळातल्यासारखे दगडी बसवावे. ते काही खात नाही आणि कायदाही त्याच्या आड येत नाही.