फक्त वायरिंग राहिलंय

पुण्याहून सातारच्या रस्त्याला लागावं, खेड-शिवापूरला टोल भरावा, कापूरहोळला उजव्या हाताचा भोरचा फाटा सोडून सरळ निघावं, की किकवी येते. महामार्गावरच्या गावाला जे जे लागतं ते सगळं इथं आहे. चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले, एनए प्लॉटचे फलक आणि जीपवाले नाना. नाना फक्त किकवीतच असतात असं मात्र नाही. नसरापूर, सारोळा, शिरवळ असं कुठंही उतरून चौकशी करा, पत्र्याचं एक शेड आणि त्यात जीपखाली उताणा पडलेला एक नाना निघतोच. तेव्हा हे कुणा एकाचं वर्णन समजू नये. ज्याला लागू पडेल त्यानं घ्यावं, आणि घेताना नानांसारखाच भाव पाडून घ्यावा.

नानांच्या हातावर रेषा दिसत नाहीत, ग्रीस दिसतं. ज्योतिषाला त्यांचं भविष्य बघायचं असेल तर आधी हात रॉकेलनं धुवावा लागेल. धंदा विचाराल तर जुन्या जीपा घेणं, नीट करणं आणि विकणं. यातलं पहिलं काम ते झपाटल्यासारखं करतात, दुसरं वर्षानुवर्षं करतात आणि तिसरं शक्यतो करत नाहीत.

खरेदीच्या वेळचे नाना बघायचे असतील तर वेल्ह्याकडच्या एखाद्या गोठ्यात जावं. तिथं कडब्याखाली कधीकाळी भोर-वेल्हे वडाप मारलेली जीप उभी असते, तिच्या टपावर कोंबड्या. नाना लांबूनच मान हलवतात. “ह्यात काय राहिलंय? चासी सडली. पाटे बसले. भंगारवालाबी न्हाई म्हनंल.” मालक वरमतो आणि ट्रॉलीचं भाडं सुटलं तरी पुरे म्हणून गाडी देऊन टाकतो. आठवड्यानं तीच जीप किकवीच्या शेडमध्ये असते, समोर बाणेरचा पाहुणा असतो, आणि त्याच गंजावरून हात फिरवत नाना म्हणतात, “ह्याला हात लावायचा न्हाई, पाव्हणं. पुण्याची मंडळी ह्याला पॅटिना म्हणत्यात आन् त्याचं येगळं पैसं देत्यात.”

प्रत्येक जीप मिलिटरीची असते. त्यातही साधी मिलिटरीची नाही, दुसऱ्या महायुद्धातली. विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून त्या युद्धासाठी सहा लाखांवर जीपा बनवल्या हे खरं. पण या रस्त्यावरच्या सगळ्या नानांचे दावे एकत्र केले तर त्यातल्या निम्म्या तरी नीरा नदीच्या अल्याड-पल्याड उतरल्या असाव्यात. बर्लिन कुणी घेतलं कोण जाणे.

मात्र नानांचं ज्ञान खोटं नाही, इथं त्यांचा मान ठेवायला हवा. पुढच्या जाळीच्या उभ्या फटी नऊ असल्या तर युद्धातली, सात असल्या तर त्यानंतरची नागरी, हे ते रस्त्यावरून जाणाऱ्या जीपकडं बघून चहाचा घोट न थांबवता सांगतात. लो बॉनेट म्हणजे जुनी. हाय बॉनेट म्हणजे सीजे-थ्री-बी. तिच्या नव्या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. अमेरिकेनं हे मॉडेल १९६८ मध्ये बंद केलं, महिंद्रानं ते त्यानंतरही कित्येक वर्षं काढलं. “अमेरिकेला कळलं न्हाई, आपल्याला कळलं,” हा त्यावरचा नानांचा निकाल. पुढं महिंद्रानं रॉक्सर नावाची जीपसारखी गाडी अमेरिकेतच नेऊन विकली. तेव्हा जीपच्या तिथल्या मालक कंपनीनं आमच्या रूपाची नक्कल केली म्हणून तक्रार गुदरली, आणि २०२० मध्ये महिंद्राला तोंडवळा बदलावा लागला. ही बातमी आली त्या दिवशी नाना जेवले नाहीत. नानांच्या घरच्या, म्हणजे काकूंचं म्हणणं, दुपारी वडापाव जास्त झाला होता.

फोर्डच्या कारखान्याला आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टवरसुद्धा ‘एफ’ उमटवायची हौस होती. असे थोडे बोल्ट नानांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले आहेत. गिऱ्हाईक जाणकार निघालं की त्यातले एक-दोन दर्शनी जागी येऊन बसतात.

महिंद्रांचा इतिहास तर ते घरचा असल्यासारखा सांगतात. १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद नावानं कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर-जनरलही झाले. इकडं १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं, आणि १९४९ मध्ये माझगावात पहिल्या ७५ जीपा जोडल्या गेल्या. एवढं सांगून नाना एक उसासा टाकतात. “त्यांचा भागीदार पळाला तर गव्हर्नर-जनरल झाला. माझा पळाला त्यो शिरवळात वडापाव इकतोय.”

आता नानांच्या ‘ओरिजिनल’ जीपची फोड करू. बॉडी हरयाणातल्या मंडी डबवालीची, जिथं नव्या पत्र्याची जुनी जीप मिळते. इंजिन आकुर्डीच्या मॅटाडोरचं डिझेल, कारण पेट्रोल महागल्यावर कधीतरी कुणीतरी मूळ इंजिन काढून ते बसवलं. गिअरबॉक्स महिंद्राच्या एमएम-५४० जीपचा. स्टीअरिंग मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातलं, रविवारी घासाघीस करून आणलेलं. हुडाचं कापड भोरच्या शिंप्याचं. मग यात ओरिजिनल काय? नाना गंभीर होऊन म्हणतात, “नंबर.”

नंबर म्हणजे एमएच-१२ यायच्या आधीची तीन अक्षरी पाटी. या धंद्यात खरी गाडी लोखंडाची नसते, कागदाची असते. नानांच्या कपाटात जीप नसलेली आरसी बुकं आहेत आणि शेडमध्ये आरसी नसलेल्या जीपा. दोघांचं लग्न जुळवायचा मोह कुणालाही व्हावा. पण चासी नंबर हा पत्रिकेतला असा ग्रह आहे की शांत करता येत नाही, आणि करायला गेलं तर जेलचा योग येतो. एवढं पथ्य आमचे नाना पाळतात. सगळेच पाळतात असं नाही.

कायद्यानं या मंडळींना कात्रीत धरलं ते वेगळंच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मूलभूत बदल केलेल्या गाडीची नोंदणी होणार नाही. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. गाडी पन्नास वर्षांवरची हवी, मूळ रूपातली हवी, नोंदणी २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही आणि धंद्याला तर नाहीच. कुणीतरी हे वाचून दाखवलं तेव्हा नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजी वरातीला द्यायची न्हाई?” मग त्यांचा त्यातला रस संपला. लग्नसराईत नवरदेव, निवडणुकीनंतर गुलालात माखलेला सरपंच आणि अधूनमधून भोरच्या राजवाड्यात शूटिंगला आलेली मंडळी, यांच्यावर तर शेडचं वीजबिल निघतं.

दुरुस्तीबद्दल बोलायचं तर नानांच्या शेडमध्ये काळाला गती नाही. एक जीप मी बघतो तेव्हापासून ताडपत्रीखाली आहे. कधीही विचारा, उत्तर एकच: “झालीच. फक्त वायरिंग राहिलंय.” इंजिन लेथवाल्याकडं आहे, सीटा नाहीत, पुढचा एक्सल दुसऱ्या जीपला उसना दिलाय, पण राहिलंय म्हणाल तर फक्त वायरिंग. कोपऱ्यात एक जोंगाही आहे, जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनलेली. जवळजवळ चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. नाना ती वर्षातून एकदा, दसऱ्याला, हार घालून सुरू करतात आणि आरती संपायच्या आत बंद करतात. मायलेज विचारणाऱ्याला ते उठून पाणी देतात, उत्तर देत नाहीत.

चालू जीप घेऊन पंपावर गेलं की आणखी एक खेळ होतो. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. म्हणजे नानांनी उतरायचं, गादी उचलायची, झाकण काढायचं, आणि मागं रांगेतल्या सगळ्यांनी हॉर्न वाजवायचे. नानांना ते हॉर्न कौतुकाचे वाटतात.

पण पावसाळ्यात याच माणसाचा नंबर तालुक्यात सगळ्यांकडं असतो. राजगडाच्या वाटेला कुणाची चकचकीत गाडी खाचरात उतरली, मांढरदेवीच्या घाटात कुणी चिखलात रुतलं, की रात्री कितीही वाजता फोन येतो. नाना लुंगीवर निघतात. ट्रान्स्फर केसचा दांडा पुढं, साखळी मागं, आणि ती भंगार म्हणून आणलेली, विलीस म्हणून सांगितलेली, मॅटाडोरचं काळीज असलेली जीप समोरची गाडी अलगद उचलून रस्त्यावर ठेवते. या कामाचे पैसे ते घेत नाहीत. फक्त पुढचं वर्षभर ती हकिगत ऐकून घ्यावी लागते, आणि दर वेळी खाचर थोडं खोल होतं.

राहिली विक्री. गिऱ्हाईक घासाघीस करत असतं तोवर नाना खुशीत असतात. ते एकदम ‘घेतो’ म्हणालं की चेहरा पडतो. मग किंमत वाढते, मग “पोराला इचारतो” होतं. पोरगा शिरवळच्या एमआयडीसीत कामाला आहे, स्कूटरवर जातो आणि जीपचं नाव काढलं की कानाला हेडफोन लावतो. तोही मार्ग खुंटला तर नाना गादीखाली हात घालून म्हणतात, “आज नको. अजून थोडं वायरिंग राहिलंय.”

तरीही किकवीच्या शेडमधून दरसाल एखाद-दोन जीपा जातात, त्या कशा? नाना लिलावाला किंवा लग्नाला बाहेरगावी गेलेले असतात. काकू ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या असतात. गिऱ्हाईक येतं, काकू आतून पिशवी आणतात, त्यात आरसी, विमा, एनओसी सगळं क्रमानं. भाव एकच सांगतात, तो वाजवी असतो. कुठली बॉडी, कुठलं इंजिन तेही खरं सांगतात. संध्याकाळी नाना मोकळ्या जागेकडं बघून दोन दिवस बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या जागेत कोंबड्या बसलेली नवी जीप येते.

तेव्हा जुनी जीप घ्यायला या बाजूला येणार असाल तर जरूर या. चासी नंबर आरसीशी ताडून बघा, आणि तो चहाच्या आधी बघा, कारण चहानंतर महायुद्ध सुरू होतं. इंजिनाचा बदल कागदावर चढलाय का तेवढं विचारा. बोल्टांवर विश्वास ठेवू नका. आणि नाना घरी असतील तर गप्पा मारून परत जा. व्यवहाराला काकू असताना या.